चारकाकांची ओळ

“ही ओळ काढा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. काचेवर ठसा उमटला.

चारकाकांनी आधी ठशाकडे पाहिलं, मग ओळीकडे. चौदा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली ओळ. तिच्या डोक्यावर त्यांनी तेव्हाच टीपही लिहून ठेवली होती : ‘चिप पत्त्याचे वरचे अंक गाळते. स्वतः पाहिले आहे. ही ओळ काढू नये.’

“नाही काढता येणार, साहेब.”

“का? हात दुखतो?”

मागच्या टेबलांवर दोघं-तिघं हसली. साहेबांना या खात्यात येऊन सहाच महिने झाले होते, पण कुठे हसवलं की कोण हसतं हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं.

ही कंपनी कार्डं बनवायची. संगणकाची मेमरी आणि डिस्क यांच्यामध्ये बसणारी, इकडचा माल तिकडे नेऊन ठेवणारी कार्डं. ती कार्डं संगणकाला कशी वापरायची हे शिकवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, चारकाका लिहायचे. पंचवीस वर्षं हेच काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, पण खात्यात कुणी ते घेत नसे. या कार्डाला मेमरीतला चार जीबीपर्यंतचाच पत्ता कळतो, त्याच्या वरचा द्यायचा नाही, असा धोशा त्यांनी चौदा वर्षं लावला होता. म्हणून चारकाका. शिपाईसुद्धा म्हणायचा, “चारकाका, चहा चारच वाजता आणू ना?”

“ध्वनिसंग्रहाच्या बाईंची तक्रार आलीय,” साहेब म्हणाले. “नव्या डिस्का घेतल्या, प्रत काढायला बसल्या, तर म्हणे गोगलगाय बरी. का? तर तुमची ही ओळ. चारच्या वरचं सगळं आधी खाली उतरवा, मग कार्डाला द्या. दुप्पट काम! अहो, कार्डाच्या माहितीपत्रकात छापलंय की सगळा पत्ता कळतो म्हणून. चिप बनवणारे खोटं बोलतात आणि तुम्ही खरं?”

“माहितीपत्रक मी वाचलंय. चिप मी पाहिलीय. वाचताना ती शहाण्यासारखी वागते. लिहिताना, आणि तेही कामांची यादी लांब झाली तरच, घसरते. ओरडत नाही, चूक दाखवत नाही. भलत्याच जागेचं उचलते आणि डिस्कवर नेऊन टाकते. आणि संग्रहाच्या सर्व्हरमध्ये आता चौसष्ट जीबी आहे. मीच बसवलीय.”

“तुम्ही पाहिलंय ते चौदा वर्षांपूर्वी. तेव्हा मी कॉलेजात होतो.” साहेब वळले. “काय गं, टेस्ट काय म्हणते?”

चाचणीवाली तिच्या जागेवरून उठली. बत्तीस वर्षांची, चटपटीत. आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागली तेव्हा चारकाकांच्याच शेजारी खुर्ची टाकून शिकली होती. हातात रिपोर्ट.

“ओळ काढून तीन दिवस सलग चालवलं, सर. लांब याद्या, लहान याद्या, सगळं. एकही चूक नाही.”

चारकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “ढोल्यावर चालवलंस?”

ढोल्या म्हणजे खात्यातलं सगळ्यात जाड टेस्ट-यंत्र. भरपूर मेमरीचं म्हणून तसं नाव.

“ढोल्यावरच, काका.”

“त्यात मेमरीच्या नव्या पट्ट्या बसल्या ना? जुन्या मी संग्रहाला दिल्या होत्या.”

“नव्या आल्या ना काका, मागच्याच महिन्यात. मीच सही करून घेतल्या.”

चारकाकांनी रिपोर्ट हातात घेतला. मेमरीच्या रकान्यात चौसष्ट लिहिलेलं होतं. खाली हिरव्या खुणाच खुणा.

खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला चारकाका पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. कागद काहीही म्हणो, सही करण्याआधी यंत्राचं झाकण उघडायचं आणि आत डोळ्यांनी बघायचं. झाकणाला सहा स्क्रू असतात, दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांचा कंटाळा करणाऱ्याने या धंद्यात राहू नये. चाचणीवालीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि पहिले सहा महिने रोज विचारलं होतं, “स्क्रू काढले का?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. साडेतीनची बस गेली की पुढची पाच वाजता. आणि उद्या सकाळी आठ वाजता बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन होतं.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वीच स्पष्ट सांगितलं होतं. गाठ स्वरयंत्रातच आहे, स्वरयंत्र काढावंच लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. कुजबुजसुद्धा उरणार नाही. तेव्हा बोलून घ्यायचं ते आज संध्याकाळी.

“सही करताय की मुहूर्त काढू?” साहेबांनी पेन पुढे केलं.

चारकाकांनी ओळ काढली. टीपही काढली, कारण ओळच नाही तर टीप कशाची? बदलापुढे नेहमीप्रमाणे त्यांचं नाव आपोआप लागलं. कागदावर सही केली आणि पिशवी उचलून ते जिना उतरत सुटले. बस त्यांना मिळाली.

*

घरी ती स्वयंपाकघरात होती. दोन दिवसांचं करून डब्यांत भरून ठेवत होती आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवत होती.

“लवकर आलात,” ती म्हणाली. आवाज आता जाडसर, चिरलेला झाला होता, तरी त्यात पूर्वीची फिरत अधूनमधून चमकायची. “बसा. नको, बसू नका, ते दूध बघा, उतू जाईल.”

चारकाकांनी गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून उभे राहिले. आज हिने काहीतरी मोठं बोलावं, लक्षात ठेवावं असं बोलावं, म्हणून ते कान देऊन उभे होते. ती बोलत होती ते एवढंच : वरच्या फळीवर डाळ आहे. सदऱ्याचं बटण लावलंय. विजेचं बिल फ्रिजवर आहे. शेजारच्या वहिनींना किल्ली दिलीय.

देवाने तिला गळा दिला होता. पोथ्यांचा अभ्यास नाही, गाण्याचं शिक्षण नाही, पण प्रार्थनागृहात ती कथा गाऊन सांगायची. चार ओळी गायच्या, मग थांबून आपल्या घरगुती भाषेत दोन गोष्टी बोलायच्या, कुणाला हसवायचं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं, आणि लोक डोळे पुसतायत तोच पुढची ओळ उचलायची. बावीस वर्षं तिने हे केलं. लोक दाराबाहेर उभे राहून ऐकायचे. चारकाका शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. दर वेळी जायचे. एकही चुकवली नाही. पण खरं सांगायचं तर ऐकायचे असं नाही. डोक्यात कुठलातरी अडलेला ड्रायव्हर घुमत असायचा. ती गात असायची आणि हे मनातल्या मनात पत्ते मोजत असायचे. तिला ते ठाऊक होतं. परत येताना विचारायची, “सापडली का चूक?”

ध्वनिसंग्रहाच्या बाईंनी तिच्या अकरा कथा थेट संगणकावर ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. घरी एक कॅसेट होती, तिला बुरशी लागून ती केव्हाच चिकटली. संग्रहाचा नियम असा की ऐकायचं तर तिथेच येऊन ऐकायचं, प्रत घरी द्यायची नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. “बरंच आहे,” म्हणाली होती, “घरी असती तर तुम्ही त्यावर क्रिकेट भरलं असतं.”

त्या संध्याकाळी, डबे झाले, चहा झाला, तेव्हा ती पदराला हात पुसत समोर येऊन बसली.

“अहो, एक विचारू? तुमच्या त्या कार्डाचं मला अजून कळलेलं नाही. सांगा बघू. उद्यापासून मला मधेच ‘पुरे’ म्हणता येणार नाही, तेव्हा आजच सांगा.”

चारकाका हसले. “समज, एक भली उंच इमारत आहे. प्रत्येक खोलीला नंबर. आणि एक टपालवाला आहे, ज्याचं काम म्हणजे खोलीतलं गाठोडं उचलायचं आणि गोदामात नेऊन ठेवायचं. आता या टपालवाल्याला आठच आकडे वाचता येतात. खालच्या मजल्यांचे नंबर आठ आकडी, तिथवर ठीक. वरच्या मजल्यांचे नंबर त्याहून लांब.”

“मग तो म्हणेल, मला नाही वाचता येत.”

“तिथंच तर गोम आहे. तो म्हणत नाही. पुढचे आकडे गाळतो, उरलेले आठ वाचतो आणि खालच्या त्याच नंबराच्या खोलीतलं, भलत्याच माणसाचं गाठोडं उचलून नेतो. वर सांगतो, काम झालं.”

“अगदी माझ्या मामेसासऱ्यांसारखा.”

“म्हणून मी एक ओळ लिहिली होती. वरचं सामान आधी खाली आणून ठेवा, मगच त्याला हाक मारा. वेळ लागतो, पण गाठोडं ज्याचं त्याचं राहतं.”

“होती म्हणजे?”

“आज काढली. नवी टेस्ट झाली. बहुतेक टपालवाला शिकला असावा.”

ती म्हणाली, “माझ्या कथा त्याच्याकडेच आहेत ना?”

“तुझ्या कथा माझ्या कार्डावर आहेत. जगात कुठे नसतील इतक्या सुरक्षित.”

“मग गेला तर गेला आवाज,” ती म्हणाली आणि उठली. “तिथे जाऊन ऐकीन. चला, पानं घेते.”

*

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला समोर एक भोक राहिलं, त्यावर पांढऱ्या जाळीची पट्टी. ती मुलांची लिहून पुसायची पाटी घेऊन बोलू लागली. अक्षर टपोरं होतं, पण पाटी लहान, म्हणून बोलणं तुटक झालं. ‘मीठ कमी.’ ‘पाय पुसा.’ चारकाका आत-बाहेर करताना बोलत राहिले की ती पाटीवर ‘पुरे’ लिहून दाखवायची. चारकाकांना एवढं हसू यायचं की डोळ्यांत पाणी.

इकडे संग्रहाच्या बाईंना नवा ड्रायव्हर पोचला. प्रतीचं काम जे रखडलं होतं ते पाच दिवसांत संपलं. बाईंनी कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं. साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, “बघा, चारकाका, एक ओळ कमी केली की माणसं कशी सुखी होतात.” मग बाईंनी फोनवर विचारलं, जुन्या डिस्का पुसून परत करायच्या आहेत, पुसू ना? फोन चारकाकांनीच घेतला होता. कॉपी तपासून झाल्याचा निरोप यंत्राने दिलाय का, त्यांनी विचारलं. दिलाय, बाई म्हणाल्या. “मग पुसा,” चारकाका म्हणाले.

तीन आठवड्यांनी बाईंचा पुन्हा फोन आला. त्या वेळी त्या नीट बोलू शकत नव्हत्या. कुणी अभ्यासक एक मुलाखत ऐकायला आला होता. अर्ध्या मुलाखतीनंतर खरखर सुरू झाली, आणि खरखरीनंतर भलताच माणूस भलत्याच विषयावर बोलू लागला. मग बाईंनी दुसरी मुलाखत लावली. तिसरी लावली. मग एका जागी बसून त्यांनी चाळीस लावल्या.

फोन ठेवून चारकाका सरळ ढोल्यापाशी गेले. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. सहा स्क्रू काढले, झाकण उचललं.

आठ खाचांपैकी सात रिकाम्या होत्या. आठवीत एकच पट्टी, चार जीबीची. संग्रहाला मेमरी देताना यंत्र चालू व्हायला पुरेल म्हणून त्यांनीच मागे ठेवलेली. सगळी इमारत खालच्या मजल्यापुरतीच. वर मजलाच नव्हता, तर टपालवाला चुकणार कुठे? तीन दिवस काय, तीन वर्षं चालवलं असतं तरी हिरव्याच खुणा आल्या असत्या.

चाचणीवाली मागे येऊन उभी राहिली होती.

“नव्या पट्ट्या?” त्यांनी न वळता विचारलं.

“त्या... साहेबांनी प्रदर्शनातल्या यंत्रात बसवायला सांगितल्या. पाहुणे येणार होते. म्हणाले, नंतर परत लावू.”

“तू आल्या म्हणालीस.”

“आल्या होत्या ना, काका. तुम्ही आल्या का असंच...” ती थांबली. “नाही. बसल्या का, असं विचारलंत. मला तेव्हा लक्षातच आलं नाही हो. साहेब समोर उभे होते.”

“आणि रकान्यात चौसष्ट?”

“तो रकाना दर वेळी मागच्या रिपोर्टावरून उतरवतो आपण.”

ते खरं होतं. सगळेच उतरवत. रकाना कुणी वाचत नसे, कारण खरं काय ते झाकणाखाली असतं असं चारकाकांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

संग्रहाच्या सर्व्हरमध्ये चौसष्ट जीबी होती. ती बसवली नसती, तर ओळ काढूनही काही बिघडलं नसतं. ढोल्यातून ती काढली नसती, तर तीन दिवसांत ढोल्याने सत्य ओकलं असतं. वसंतात एका दुपारी, ‘बाईंचं यंत्र फार अडतं हो, ऐकायला आलेली म्हातारी माणसं ताटकळतात’ म्हणून, पट्ट्या खिशात घालून ते स्वतः गेले होते. बाईंनी त्यांना सरबत दिलं होतं.

*

चौकशी मोठ्या खोलीत झाली. सगळं खातं बोलावलं होतं. चारकाकांना खुर्ची होती, पण साहेब म्हणाले, “उभे राहा ना जरा, मागच्यांना दिसू द्या.”

साहेबांनी बदलांची वही पडद्यावर लावली. ओळ कुणी काढली, त्याच्यापुढे चारकाकांचं नाव. टीप कुणी काढली, तिथेही तेच.

“वाचा,” साहेब म्हणाले.

चारकाकांनी आपलं नाव मोठ्याने वाचलं. खात्यातल्या निम्म्या लोकांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

“रिपोर्टावर सही कुणाची?”

“माझी.”

“फोनवर ‘पुसा’ कोण म्हणालं?”

“मी.”

“तपासणीचा निरोप आला होता म्हणे. तो कसा काय आला?”

“तपासणी मेमरीतली प्रत बघत होती, साहेब. ती नीटच होती. डिस्कवरची बघितलीच नाही तिने. मला ते ठाऊक असायला हवं होतं.”

“असायला हवं होतं!” साहेबांनी हात पसरले. “पंचवीस वर्षं.”

“साहेब, ढोल्याच्या नव्या पट्ट्या प्रदर्शनाच्या...”

“थांबा. एकच प्रश्न. हो की नाही, एवढंच सांगा. सहीच्या दिवशी झाकण उघडलं होतं?”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. चारकाकांनी चाचणीवालीकडे पाहिलं. ती पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. काढत होती आणि लावत होती. मान तिने वर केली नाही.

“नाही,” चारकाका म्हणाले.

“का नाही?”

का, ते सांगता आलं असतं. बस, सव्वातीन, उतू जाणारं दूध. पण एवढ्या लोकांपुढे बायकोच्या आवाजाची शेवटची संध्याकाळ उघडी करून ठेवायची, आणि यांच्यातल्या कुणीतरी त्यावर हसायचं!

“राहून गेलं.”

“राहून गेलं!” साहेब म्हणाले. “चारकाका, चौदा वर्षं चार-चार करत होतात, आणि ढोल्यात चारच आहेत ते तेवढं दिसलं नाही.”

हसणारे हसले. चाचणीवालीही हसली, सगळ्यांच्या मागून, थोडंसं.

ओळ त्याच दिवशी परत घालण्यात आली. बदलापुढे आता चाचणीवालीचं नाव लागलं. टीप मात्र कुणी परत लिहिली नाही. गिऱ्हाइकांना पत्र गेलं की एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाने दोष उद्भवला होता, संबंधिताला कामावरून कमी केलं आहे. संग्रहाचं पत्र तेवढं टपालाने गेलं नाही. ते संबंधिताने स्वतः नेऊन द्यावं, असं साहेबांनी सुचवलं. “तुमची ओळख आहे तिथे.”

जिन्यात चाचणीवालीने गाठलं. “काका, मला लेकरू आहे हो. नोकरी गेली असती.”

“हो गं,” चारकाका म्हणाले. तिच्या हातात त्यांनी आपला स्क्रू-ड्रायव्हर दिला, कारण तो कंपनीचा होता, आणि ते उतरून गेले.

*

घरी त्यांनी आठ दिवस काही सांगितलं नाही. सकाळी पिशवी घेऊन निघत, बागेत बसत, संध्याकाळी परत येत. ती रोज पाटी पुढे करायची : ‘संग्रहात कधी?’ गळ्याची जखम भरली होती. आता बाहेर जायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. ते म्हणायचे, यंत्राचं काहीतरी काम चाललंय, पुढच्या आठवड्यात.

नवव्या दिवशी पिशवीतलं पत्र तिला सापडलं. पाकीट बंद होतं. वर संग्रहाच्या बाईंचं नाव. तिने ते उघडलं नाही. टेबलावर ठेवलं, साडी बदलली, गळ्याला रुमाल बांधला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

संग्रहाच्या बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं. बावीस वर्षं गावोगाव फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातापाया पडून त्यांनी आवाज गोळा केले होते. त्यातले निम्मे आवाज असे होते की ती माणसं आता जगात नव्हती.

“पुसा म्हणालात,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या हातांनी पुसल्या मी. बटण दाबताना मनात म्हटलं, या माणसाने स्वतःच्या खिशातून मेमरी आणून घातली, याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?” मग त्यांचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे, तिच्या गळ्यातल्या रुमालाकडे गेलं, आणि त्यांनी पुढचं गिळलं. “या ताई. बसा.”

पाटी पुढे आली : ‘माझ्या कथा?’

बाईंनी चारकाकांकडे पाहिलं. सांगा तुम्हीच, असं ते बघणं होतं.

“अकरा होत्या,” शेवटी बाईच म्हणाल्या. “दहांत काही राहिलं नाही, ताई. एक आहे, ती बरीचशी बरी आहे. रस्ता झाडणाऱ्या म्हातारीची.”

तिने पाटी पुसली. लिहिलं : ‘कुणी केलं?’

पाटी बाईंकडे नव्हती, नवऱ्याकडे धरलेली होती.

“मी,” चारकाका म्हणाले.

तिने मान हलवली. समजलं, एवढीच. बाईंनी खुर्ची ओढून दिली. कानांवर घालायचे दोन संच होते. एक तिने घातला. दुसरा बाईंनी काही न बोलता चारकाकांसमोर ठेवला.

आवाज आला. स्वच्छ, भरलेला, पंधरा वर्षांपूर्वीचा. मागे कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी मूल रडून गप्प झालं. शेवटच्या बाकावर तेव्हा चारकाका बसलेले असणार. एक म्हातारी होती, रोज पहाटे देवळाकडे जाणारा रस्ता झाडायची. दुपारी वारा सुटायचा, रस्ता होता तसा व्हायचा. गाणं थांबलं आणि ती बोलू लागली : “आता तुमच्यातला कुणी म्हणेल, म्हातारीला दुसरा उद्योग नव्हता. खरंय. सून घरात बसू देत नव्हती ना!” लोक हसले. खुर्चीत बसलेल्या तिच्या ओठांचे कोपरेही किंचित हलले. मग पुन्हा गाणं. वाटसरू आला, वाटसरूने म्हातारीची थट्टा केली. उद्या पुन्हा धूळ येणारच, तर म्हातारे, तू झाडतेस कुणासाठी?

सूर वर चढला. सगळं प्रार्थनागृह श्वास रोखून असल्याचं ऐकू येत होतं. म्हातारी आता उत्तर देणार.

खरखर झाली. आणि एक जाडा पुरुषी आवाज सांगू लागला, “...पोळ्यात राणीमाशी नसेल तर कामकरी माश्या काही दिवस तशाच राबत राहतात, त्यांना कळत नाही...”

चारकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कानांवरचं काढलं नव्हतं. डोळे मिटलेले. उजव्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरून होती आणि ओठ हलत होते. ओठांनी एक ओळ संपूर्ण म्हटली, घोळवली, पुन्हा म्हटली, शेवटच्या शब्दावर हनुवटी उचलली. गळ्यातल्या रुमालाखालून नुसती हवा आत-बाहेर होत होती, रुमालाचं टोक हलत होतं. मधमाश्यांवरचं व्याख्यान तुटलं, गाणं परत आलं, आणि तिचे ओठ बरोबर त्याच मात्रेवर त्या गाण्याला जाऊन मिळाले. अर्धी मात्रासुद्धा इकडेतिकडे नाही. पुढच्या ओळीला तिने ओठ मिटून घेतले. तिथे तिची गरज नव्हती.

म्हातारी काय म्हणाली होती, हे चारकाका आठवू लागले. दहा वेळा तरी ही कथा त्यांनी ऐकली होती. भिंतीला टेकून, शेवटच्या बाकावर. सूर आठवला. बाकावरचा खिळा आठवला. त्या दिवशी डोक्यात कुठला ड्रायव्हर अडला होता, तेसुद्धा आठवलं. शब्द एकही आठवेना.

कथा संपली. तिने डोळे उघडले.

“अगं,” चारकाकांनी पाटी तिच्याकडे सरकवली. “तिथे काय होतं गं? म्हातारीने काय सांगितलं?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं प्रार्थनागृहातून परतीच्या वाटेवर पाहायची. मग पाटी उचलली, पदराने नीट पुसली, आणि कोरीच पिशवीत ठेवून दिली. बाईंकडे वळून तिने बोटाने खूण केली.

पुन्हा लावा.